८५० कुठून आला?

एका ज्युनिअरने पीएच.डी.च्या मुलाखतीसाठी संशोधन प्रस्ताव लिहिला आणि वाचायला पाठवला. विषय भारी आहे: रोटरी म्हणजे वांकेल इंजिन बसवलेल्या, घरी बांधलेल्या छोट्या विमानासाठी एग्झॉस्ट सिस्टिमचं डिझाइन. सोबत संदर्भ म्हणून इंजिनिअरिंग कॉलेजांचे चार-पाच प्रोजेक्ट रिपोर्टही जोडले होते. माझा स्वतःचा विषय नळीतल्या गरम वायूमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा, म्हणून सगळे नीट वाचले. आणि सगळ्यांत, अगदी पहिल्या-दुसऱ्या पानावर, एकच सूत्र भेटलं:

पाइपची लांबी = (८५० × ईडी ÷ आरपीएम) − ३

लांबी इंचात. ईडी म्हणजे १८० अंश अधिक एग्झॉस्ट व्हॉल्व्ह बीडीसीच्या आधी जितके अंश उघडतो तितके. ग्रॅहॅम बेल यांच्या ट्यूनिंगच्या पुस्तकामुळे हे सूत्र जगभर पोचलं. गॅरेजमध्ये चारचाकी रेसिंगसाठी तयार करणाऱ्यांचं ते आवडतं सूत्र आहे आणि त्या जागी ते चांगलं काम करतं, हे आधीच सांगते. या पोस्टमधली टीका बेल यांच्यावर नाही. सूत्र उचलून दुसऱ्याच जातीच्या इंजिनावर ठेवणाऱ्या आणि ठेवताना एकदाही "हा ८५० कुठून आला?" असं न विचारणाऱ्या लिखाणावर आहे. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर असं लिखाण तुम्हाला रोज भेटणार आहे, म्हणून हे जरा सविस्तर.

आधी सूत्र उघडून बघू. कागद-पेन्सिल घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

एग्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की सिलिंडरमधला दाबाचा वायू पाइपमध्ये घुसतो आणि दाबाची एक लाट पाइपच्या टोकाकडे निघते. टोक उघडं असल्यामुळे ती तिथून उलटी होऊन परत येते, म्हणजे जाताना दाब जास्त, येताना दाब कमी. ही कमी दाबाची लाट योग्य वेळी व्हॉल्व्हपाशी पोचली तर उरलासुरला जळका वायू ओढून काढते आणि ताज्या मिश्रणालाही आत यायला मदत करते. ट्यून केलेल्या एग्झॉस्टची सगळी कहाणी एवढीच. इंजिन मिनिटाला एन फेरे घेत असेल तर ते सेकंदाला ६एन अंश फिरतं. म्हणजे थीटा अंश फिरायला लागणारा वेळ थीटा ÷ ६एन सेकंद. तेवढ्या वेळात लाट लांबीच्या दुप्पट अंतर कापते. म्हणून लांबी = ध्वनीचा वेग × थीटा ÷ १२एन.

आता हे ८५० च्या सूत्राशेजारी ठेवा. ८५० इंच म्हणजे २१.५९ मीटर. थीटाच्या जागी पूर्ण ईडी धरला तर ध्वनीचा वेग निघतो २१.५९ × १२, म्हणजे सेकंदाला साधारण २५९ मीटर. अलिबागच्या किनाऱ्यावर ३० अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग ३४९ मीटर असतो. म्हणजे शब्दशः वाचलं तर हे सूत्र म्हणतंय की तापून लाल झालेल्या पाइपमधला आवाज समुद्रावरच्या वाऱ्यातल्या आवाजापेक्षा हळू धावतो!

असं अर्थातच होत नाही. मग काय होतंय? वेग दुप्पट, म्हणजे ५१८ मीटर धरा. त्याचं तापमान काढलं तर साधारण ४२० अंश सेल्सिअस येतं. पाइपभरची सरासरी म्हणून एवढं तापमान पटण्यासारखं आहे. पण मग थीटा ईडीच्या निम्माच उरतो. हेही समजण्यासारखं आहे. लाटेचं शिखर व्हॉल्व्ह उघडल्या क्षणी येत नाही, व्हॉल्व्ह थोडा वर उचलला गेल्यावर येतं. शिवाय परतीची लाट टीडीसीला "पोचायला" नको, तिच्या आधीच पोचून पसरलेली हवी. हे दोन्ही कोन ईडीमधून वजा व्हायला हवेत. सूत्रात ते कुठे दिसत नाहीत, कारण ८५० ने ते गिळलेत.

म्हणजे ८५० हा स्थिरांक नाहीच. ते एक गाठोडं आहे. त्यात पेट्रोलवर चालणाऱ्या पिस्टन इंजिनाच्या वायूचं तापमान बांधलेलं आहे, पॉपेट व्हॉल्व्हच्या उघडण्याची गती बांधलेली आहे आणि त्या गतीमुळे बनणाऱ्या लाटेचा आकारही. शेवटचा "वजा ३" हा सिलिंडर हेडच्या आतला पोर्टचा तुकडा धरल्यासारखा वाचता येतो. ज्या इंजिनांवर हे गाठोडं बांधलं त्यांच्यावर ते चालतं. रोटरीवर यातली कुठलीच वस्तू तशीच राहत नाही.

सुरुवात १८० पासूनच करा. पिस्टन इंजिनात एक स्ट्रोक म्हणजे शाफ्टचे १८० अंश. वांकेलमध्ये तिकोनी रोटर स्वतः एक फेरा घेतो तोवर मधला एक्सेंट्रिक शाफ्ट तीन फेरे घेतो, आणि प्रत्येक टप्पा (आत घेणे, दाबणे, फुलणे, बाहेर टाकणे) शाफ्टच्या २७० अंशांत होतो. मी वाचलेल्या प्रत्येक रिपोर्टमध्ये ईडी काढताना १८० च लिहिलं होतं. माझदाच्या जुन्या १३बी इंजिनात, जे घरी विमान बांधणाऱ्यांमध्ये सगळ्यात लोकप्रिय रोटरी आहे, एग्झॉस्ट पोर्ट बीडीसीच्या साधारण ७५ अंश आधी उघडतं. ६००० आरपीएमला १८० धरून लांबी येते ३३ इंच, म्हणजे ८४ सेंटिमीटर. २७० धरून येते ४६ इंच, ११७ सेंटिमीटर. नुसता इंजिनाचा आकार नीट वाचल्याने पाइप एक तृतीयांशाहून जास्त वाढला.

मग तापमान. रोटरीच्या एग्झॉस्टचा वायू पिस्टन विमान-इंजिनापेक्षा बराच गरम असतो. पोर्टपाशी ९०० अंशांच्या वर जाणं तिथे नेहमीचं आहे. ज्वलनकक्ष लांबुळका आणि चपटा, त्यामुळे जळणं रेंगाळतं, आणि पोर्ट लवकर उघडतं तेव्हा वायूने आपली सगळी उष्णता कामात घातलेली नसते. पाइपभर सरासरी ८५० अंश धरले तर ध्वनीचा वेग ६५० मीटरच्या आसपास जातो. तेवढी एक दुरुस्ती केली की लांबी साधारण दीड मीटर होते. ८४ सेंटिमीटर ते दीड मीटर! आणि प्रत्येक रोटरला एक, असे दोन पाइप, तेही ज्या नाकाडात रेडिएटर, ऑइल कूलर आणि इंधनाच्या नळ्या आधीच दाटीवाटीने बसल्यात तिथे.

इथे थांबून "ठीक, मग दीड मीटर घेऊ" म्हणणार असाल तर अजून पुढे आहे. ऑर्गन-पाइपच्या या सगळ्या गणितात एक गृहीत लपलेलं असतं: पाइपचं इंजिनाकडचं टोक बराच काळ बंद असतं. पिस्टन इंजिनात व्हॉल्व्ह बंद झाला की ते खरंच बंद असतं. १३बी मध्ये पोर्ट बीडीसीच्या ७०-७५ अंश आधी उघडतं आणि टीडीसीनंतर ४०-५० अंशांनी बंद होतं. मधले २७० मिळवा. बेरीज ३८० च्या वर जाते. पण एका रोटरच्या तीन बाजूंपैकी पुढची बाजू दर ३६० अंशांनी त्याच पोर्टवर येते. म्हणजे आधीच्या कक्षाला पोर्ट बंद होण्याआधीच पुढच्या कक्षाला ते उघडलेलं असतं. हे पोर्ट कधीच बंद नसतं! मला हे पहिल्यांदा आकृती काढून कळलं तेव्हा मजा वाटली होती. परत येणाऱ्या लाटेला तिथे भिंत भेटत नाही, कायम एखादी पोकळी भेटते, जिचा आकार क्षणाक्षणाला बदलतोय. त्यात ती लाट एका कक्षातून काही ओढणार, की पुढच्या कक्षातून उसळलेल्या नव्या पल्सला आपटणार? हा प्रश्न सूत्रात मांडताच येत नाही.

आणि ती नवी पल्सही वेगळी. पॉपेट व्हॉल्व्ह कॅमच्या वळणावर हळूहळू उचलला जातो. रोटरीच्या पोर्टवरून अ‍ॅपेक्स सील सरकून जातं आणि तोंड एकदम उघडं पडतं. म्हणून लाटेचं तोंड कड्यासारखं उभं. रोटरीचा तो फाडणारा, कानठळ्या बसवणारा आवाज यातूनच येतो. इतक्या मोठ्या लाटेसाठी "दाबातला बदल लहान आहे" हे साध्या ध्वनिशास्त्राचं गृहीत मोडतं. लाटेचा माथा पायथ्यापेक्षा जोरात धावतो आणि ती जाता जाता आणखी उभी होते. इथे एकमितीय अस्थिर वायुगतिकी वापरावी लागते. त्यासाठी वाचायचंच असेल तर चार-स्ट्रोक ट्यूनिंगच्या पुस्तकांपेक्षा बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या गॉर्डन ब्लेअर यांचं टू-स्ट्रोकवरचं काम जवळचं आहे. रोटरी हे नावाने चार टप्प्यांचं इंजिन असलं तरी त्याचं एग्झॉस्ट टू-स्ट्रोकसारखं भिंतीतल्या भोकातून उघडतं. मात्र टू-स्ट्रोकचा फुगीर एक्स्पान्शन चेंबर जसाच्या तसा उचलून लावू नका. तिथे दाबाची लाट परत पाठवून बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण आत ढकलायचं असतं, आणि रोटरीला ती अडचण त्या प्रमाणात नाही.

एक गोष्ट मात्र विमानाच्या बाजूची आहे आणि ती एकाही रिपोर्टमध्ये नव्हती. गाडीला १५०० पासून ७००० आरपीएमपर्यंत सगळीकडे चालायचं असतं, म्हणून ट्यून केलेल्या पाइपचा फायदा एका पट्ट्यात होतो आणि दुसऱ्या पट्ट्यात तोटा. विमान तासन् तास जवळजवळ एकाच आरपीएमवर चालतं. इंजिन ६००० वर आणि २.८५ गुणोत्तराचा गिअर असेल तर पंखा २१०० च्या आसपास, बस. म्हणजे ट्यूनिंगची कल्पना खरं तर विमानात जास्त शोभते. प्रस्तावात हा मुद्दा पहिल्या परिच्छेदात यायला हवा होता. त्याऐवजी तिथे राइट बंधूंचा फोटो होता.

आता रंगीत चित्रांबद्दल. प्रत्येक रिपोर्टच्या मध्यावर सीएफडीचे आठ-दहा पानी आलेख: लाल, पिवळा, निळा. पाइपच्या तोंडाशी एकच ठरावीक वेग दिलेला, वायू म्हणून २५ किंवा २७ अंशांची हवा घेतलेली, प्रवाह स्थिर. शेवटी "बॅक प्रेशर इतक्या टक्क्यांनी कमी झालं" असा निष्कर्ष. अहो, पण तुम्ही दहा पानं आधी लाटेच्या वेळेवरून लांबी काढली होती ना? मग तपासताना लाटच काढून टाकली? स्थिर प्रवाहात ८४ सेंटिमीटरचा पाइप आणि दीड मीटरचा पाइप यांत फक्त घर्षणाचा फरक दिसणार, आणि आखूड पाइप नेहमीच जिंकणार. गृहीतक एका भौतिकशास्त्राचं आणि चाचणी दुसऱ्याच भौतिकशास्त्राची. गाइडने, परीक्षकाने, कुणीच हे विचारलं नसेल याचं मला जास्त वाईट वाटलं.

परीक्षण कसं करावं याचा एक नमुना आपल्याकडेच आहे. १९७४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातल्या विमानांची तपासणी केली होती. तळपद्यांची १८९५ ची चौपाटीवरची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, तिच्या आसपासच हाही ग्रंथ फिरत असतो. त्या पाचांनी थट्टा केली नाही आणि अभिमानही बाळगला नाही. ग्रंथातली मापं घेतली, वजन काढलं, उचल काढली, आणि ही यंत्रं उडणं शक्य नाही असं दाखवलं. ज्या ग्रंथावर भांडणं होतात त्याच्याशी असं वागता येतं, तर कॉलेजच्या प्रोजेक्टशी का नाही?

रोटरी इंजिनाचं विमान ही आपल्याकडे फार लांबची गोष्ट नाही, हेही सांगून ठेवते. आपल्याच राज्यातल्या अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) व्हीआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेचा ५५ अश्वशक्तीच्या देशी वांकेल इंजिनाच्या कामात मोठा वाटा होता. ते बसवलेलं 'निशांत' हे वैमानिकरहित विमान २००९ मध्ये कोलारला उडालं. कमी वजनात जास्त ताकद आणि हिसके नसलेली चाल, हे रोटरीचे गुण तिथे कामी येतात. पण निशांतचं इंजिन मागे आहे, पंखा मागून ढकलणारा, आणि आत माणूस नाही. एग्झॉस्ट मागे सोडून दिलं की प्रश्न बराचसा मिटतो. घरी बांधलेल्या नेहमीच्या विमानात इंजिन पुढे, त्याच्या मागे फायरवॉल, आणि तिच्या मागे लगेच माणसाचे पाय.

माझी मुख्य तक्रार इथे सुरू होते. चाळीस पानांच्या रिपोर्टमध्ये अठ्ठावीस पानं लांबी आणि बॅक प्रेशर, दोन पानं आवाज, आणि कार्बन मोनॉक्साइडवर एक ओळ. एक!

छोट्या विमानात केबिन गरम ठेवायची सोपी रीत म्हणजे एग्झॉस्टभोवती पत्र्याचं आवरण घालायचं आणि त्या दोघांच्या मधून बाहेरची हवा फिरवून आत सोडायची. पाइपला तडा गेला की तीच हवा विष घेऊन आत येते. २१ जानेवारी २०१९ ला फुटबॉलपटू एमिलियानो साला यांना घेऊन निघालेलं एक इंजिनाचं पायपर मालिबू इंग्लिश खाडीत कोसळलं. साला यांच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडने अडवलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण ५८ टक्के निघालं. ब्रिटनच्या हवाई अपघात तपास विभागाने २०२० च्या अहवालात म्हटलं की वैमानिकावरही या वायूचा परिणाम झालेला असण्याची शक्यता मोठी आहे. ते विमान कारखान्यात बनलेलं होतं, प्रमाणित इंजिनाचं होतं, आणि त्याचं एग्झॉस्ट रोटरीइतकं तापणारंही नव्हतं.

म्हणून एग्झॉस्टचं पहिलं काम वायू माणसापासून लांब नेणं, दुसरं काम ते शेकडो तास न फुटता करणं, आणि मग उरलं तर चार-दोन अश्वशक्ती. रिपोर्टांमध्ये हा क्रम बरोबर उलटा आहे.

आणि गंमत अशी की दोन्ही बाजू एकमेकांना बांधलेल्या आहेत. स्टेनलेस स्टील दर मीटरमागे दर अंशाला साधारण १८ मायक्रोमीटर वाढतं. दीड मीटरचा पाइप ८०० अंशांनी तापला की दोन सेंटिमीटरहून जास्त लांबतो. एक टोक इंजिनाला पक्कं, दुसरं फ्यूजलाजला पक्कं, मध्ये सरकणारा किंवा गोळ्यासारखा सांधा नसेल तर तो दोन सेंटिमीटर कुठे जाणार? वेल्डमध्ये. म्हणजे ट्यूनिंगसाठी लांबी वाढवलीत की तडा जायची शक्यताही वाढवलीत. लांबीच्या प्रकरणातला माणूस आणि धातूच्या प्रकरणातला माणूस एकमेकांशी बोललेच नाहीत, असं हे रिपोर्ट वाचताना वाटतं. बहुतेक ते चार वेगवेगळ्या मुलांनी वाटून लिहिलेलं असतं, ठीक आहे, पण एका बैठकीत शेवटून वाचायला काय हरकत होती?

सायलेन्सरचंही तेच. आत पडदे घातलेला गाडीचा सायलेन्सर रोटरीला जोडला तर ती उष्णता आणि तो मारा पडद्यांना सोसत नाही, ही रोटरीवाल्यांची जुनी डोकेदुखी आहे. गाडीत पडदा सुटून तोंड अडलं तर रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. विमानात तेच टेकऑफनंतर दोनशे फुटांवर होऊ शकतं. साध्या फुगीर डब्याचा, आतलं क्षेत्रफळ पाइपच्या दहापट असलेल्या, आवाज अडवण्याचा जास्तीत जास्त आकडा पुस्तकी गणितात १४ डेसिबल येतो. चारपट असेल तर साडेसहा. त्या साडेसहासाठी किती किलो पुढे टांगायचे, हा खरा डिझाइनचा प्रश्न. उत्तर द्यायला पंख्याचा आवाज किती आहे तेही हवं, कारण तो वरचढ असेल तर सायलेन्सर वाहून काय फायदा?

धातूची निवड हा भाग मी आमच्या किनाऱ्यामुळे जरा जास्त बारकाईने वाचला. सगळ्यांनी "एसएस ३०४, कारण ते गंजत नाही" असं लिहिलंय. थळपासून जीवना बंदरापर्यंत कुठल्याही धक्क्यावर जाऊन हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. ३०४ साधारण ४५० ते ८५० अंशांमध्ये बराच वेळ राहिलं की त्यातला कार्बन क्रोमियमला धरून कणांच्या सीमांवर जाऊन बसतो. सीमेलगतचं क्रोमियम कमी होतं, आणि "न गंजणारं" पोलाद नेमकं तिथेच गंजायला मोकळं होतं. वर खारी दमट हवा असेल तर विचारायलाच नको. क्लोराइडमुळे ताणाखालच्या स्टेनलेसला भेगा जातात ते वेगळंच. विमानांच्या एग्झॉस्टला टायटॅनियम मिसळलेलं ३२१ वापरतात, कारण टायटॅनियम कार्बनला आधीच पकडून ठेवतं. आणखी गरम जागी इन्कोनेल ६२५ सारखे निकेलचे मिश्रधातू. महाग, वाकवायला आणि वेल्ड करायला त्रासाचे. पण पोर्टजवळच्या पहिल्या वीतभर भागात तरी त्यांचा विचार हवाच.

आमच्याकडच्या मच्छीमार बोटींवर डिझेल इंजिनाचा उभा पाइप असतो, त्याला दोरी गुंडाळलेली. साधं लोखंड. सडला की कापायचा, नवा जोडायचा. मी एका ओळखीच्या नाखवांना विचारलं होतं की स्टेनलेसचा का नाही लावत. ते म्हणाले, "पोरी, बोट बंद परली तं दुसरा कोनीतरी वढून आनील. तुज्या इमानाला कोन वढनार?" डिझाइनमध्ये "बिघाडाचा परिणाम" नावाचं जे प्रकरण असतं ते एवढंच असतं. त्यांचा लोखंडी पाइप त्यांच्या जागी बरोबर निवडलेला आहे. ३०४ चा पाइप विमानाच्या जागी बरोबर निवडलेला नाही.

घरी बांधलेल्या विमानाची मराठी वाचकाला माहीत असलेली गोष्ट म्हणजे कॅप्टन अमोल यादव यांची. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान, २०१६ चा 'मेक इन इंडिया' सप्ताह, २०१७ मधली नोंदणी, २०१९ मध्ये मिळालेली उड्डाणाची परवानगी. माणसाच्या चिकाटीबद्दल दुमत नाही. पण माझ्या वाचनात आलेल्या बातम्या गच्ची, स्वप्न आणि फाइल यांच्यापलीकडे गेल्या नाहीत. कूलिंग कसं सोडवलं, एग्झॉस्ट कुठून नेलं, कंपन किती, हे विचारणारी एकही मुलाखत मला सापडली नाही. मग आमच्या पोरांना वाटतं की विमान बांधणं म्हणजे जिद्द अधिक परवानगी, आणि मधलं सगळं सूत्रात बसतं. तो दोष यादवांचा नाही, विचारणाऱ्यांचा आहे.

मग ज्युनिअरने प्रस्तावात काय लिहावं? मी तिला सूत्र खोडायला सांगितलं नाही. उलट तेच पहिल्या पानावर राहू दे, पण उघडून, असं सांगितलं. ८५० मध्ये काय काय बांधलंय ते लिही, त्यातलं रोटरीत काय बदलतं ते लिही, आणि मोजून बघ. बाकावर ठेवलेलं एक इंजिन, पोर्टपाशी आणि पाइपच्या मध्यावर थर्मोकपल, पाण्याने थंड ठेवलेला एक दाबमापक, आणि सरकवून लांबी बदलता येईल असा पाइप. विमान लागत नाही. तीन वर्षांचं काम यातच आहे.

मोजायचं कसं, याला अलिबागचं चुंबकीय वेधशाळेचं उदाहरण मला नेहमी आठवतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या नोंदी बिघडणार हे उघड होतं, म्हणून काम १९०४ मध्ये अलिबागला आणलं. पण आणलं आणि कुलाबा बंद केलं, असं त्यांनी केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे सोबतच नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांवरून नव्या आकड्यांवर कसं यायचं ते कळावं. ट्यून केलेला पाइप एका इंजिनावरून दुसऱ्यावर नेताना हेच करता येतं. आधी एक साधं पिस्टन इंजिन त्याच मापकांनी मोजायचं, ८५० परत मिळतो का बघायचं, मग रोटरी चढवायची. पिस्टनवरच ८५० मिळाला नाही, तर आधी मापकांकडे बघायचं.

तिने लगेच पुढचा प्रश्न विचारला आणि तो चांगला आहे, म्हणून इथे देते. माझदाच्या आरएक्स-८ मधल्या रेनेसिस इंजिनात एग्झॉस्ट पोर्ट परिघावरून काढून बाजूच्या भिंतींत नेलेत. इनटेक आणि एग्झॉस्ट दोन्ही एकाच वेळी उघडे असण्याचा कालावधी तिथे शून्य आहे. परतीच्या लाटेने ताजं मिश्रण ओढायचं, हा सूत्राचा अर्धा हेतूच तिथे संपतो. वर दोन रोटरच्या मधल्या भिंतीतलं पोर्ट दोघांत सामाईक आहे, म्हणजे एकाच पाइपमध्ये दोन्ही रोटरच्या पल्स आळीपाळीने येतात, आणि बाहेरच्या दोन पाइपांत एकेकाच्याच. तीन पाइप, दोन प्रकारची लय. या इंजिनासाठी ईडी किती धरायचा, आणि तिन्ही पाइपांना एकच लांबी का असावी किंवा नसावी, हे पुढच्या पोस्टपर्यंत कागदावर काढून बघा.